तहान लागली नाही, म्हणून पाणी प्यायले नाही



गेल्या हिवाळ्यात आम्ही चार मैत्रिणी माझ्या भाच्याकडे शारजाला गेलो होतो. चौघीही सत्तरी ओलांडलेल्या. शारजात २०२२ पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार ते रविवार सुटी असते. भाच्याच्या कचेरीलाही तीच. शब्बाथ घरी पाळला आणि रविवारी सकाळी डोंगर पाहायला निघालो.

खोरफक्कानकडे जाणारा, २०१९ साली खुला झालेला मोठा रस्ता हजर पर्वतातून, बोगद्यांतून जातो. त्याच्या आडवाटेला शीस नावाचे गाव आहे. तिथल्या वादीत आम्ही चालायला उतरलो. वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी आणि पाऊस झाला की भरून वाहणारी डोंगरातली घळ. दोन्ही बाजूंना उघडेबोडके कडे, खाली गोटे, मधूनच खजुराची झाडे. उन्हाळ्यात आटलेल्या कोकणातल्या नदीतून चालावे तसे वाटत होते. हवा २४-२५ अंश, गार वारा, अंगाला घाम नाही. आम्ही खुशीत होतो.

तासाभराने एका मोठ्या दगडावर बसलो. उठताना आमच्यातली एक जण म्हणाली, “अगं, डोळ्यांपुढे अंधारी आली,” आणि एकदम झुकली. मी शेजारीच होते म्हणून धरली. नाहीतर त्या दगडांत खुब्याचे हाड मोडायला वेळ लागला नसता, आणि आपल्या वयात खुबा मोडणे म्हणजे काय हे सांगायला नको.

तिला कड्याच्या सावलीत आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. नाडी जलद आणि बारीक लागत होती. जीभ कोरडी होती.

“सकाळपासून पाणी किती प्यायलीस?”

“अर्धा कप चहा. डोंगरात लघवीची सोय नाही, म्हणून मुद्दामच प्यायले नाही.”

“तहान नाही लागली?”

“मुळीच नाही.”

ती रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, तीही सकाळी घेतलेली. मी रागावणार होते, पण तिला द्यायला माझ्या पिशवीतली बाटली काढली तर तिचे बूच उघडलेलेच नव्हते. आयुष्यभर रुग्णांना पाणी प्या म्हणून सांगणारी मी, मलाही तहान लागली नव्हती.

असे का होते? तरुणपणी शरीरातले पाणी थोडे कमी झाले की मेंदू लगेच तहानेची सूचना देतो. वय वाढले की ही सूचना उशिरा आणि मंद येते. शरीरातला पाण्याचा साठाही कमी होतो, आणि मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे पूर्वीसारखे जमत नाही. म्हणजे खर्च जास्त, शिल्लक कमी, आणि आठवण करून देणारा झोपलेला.

त्यात वाळवंटी हवेची भर. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत घाम निथळतो, त्यामुळे पाणी गेल्याचे कळते. कोरड्या हवेत तो आल्याबरोबर उडून जातो; श्वासावाटेही ओलावा जातो. पदर कोरडा राहतो आणि आपल्याला वाटते, घाम आलाच नाही.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटर किंवा अधिक रक्त पायांकडे उतरते. शिरा आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून शरीर ते सावरते. वयामुळे हे सावरणे हळू झालेले असते. अंगात पाणीच कमी असेल तर रक्तदाब घसरतो आणि अंधारी येते. किपूरच्या उपासात संध्याकाळी प्रार्थनेला उभे राहताना आपल्यापैकी अनेकांनी हे अनुभवले असेल.

माझ्या पर्समध्ये जलसंजीवनीची पुडी असते. ती एक लिटर पाण्यात विरघळवून मैत्रिणीला घोट घोट पाजली. अर्ध्या तासाने आधी बसवले, मग धरून उभे केले आणि तिथूनच परत फिरलो. संध्याकाळी घरी मशीनवर वरचा आकडा आडवी असताना १३०, उभी राहिल्यावर १०८. असा २० किंवा त्याहून जास्त फरक पडला तर डॉक्टरांना सांगायलाच हवे. तिने फोन केला आणि त्यांनी गोळीचा डोस बदलून दिला.

सहलीला जाताना एवढे करा :

• तहानेची वाट पाहू नका. घड्याळ पाहून दर वीस-तीस मिनिटांनी चार घोट घ्या. एकदम लिटरभर साधे पाणी पिऊ नका. त्याने रक्तातले मीठ पातळ होते.

• पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा.

• आपल्या वयात कातडी सैलच असते, चिमटा काढून पाणी कमी झाल्याचे कळत नाही. जीभ आणि लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा चांगला, गडद वाईट. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही लघवी पिवळीधमक होते, तेव्हा घाबरू नका.

• हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. नारळपाण्याबद्दलही विचारा, त्यात पोटॅशियम असते. गोळी मनाने बंद करू नका.

• बसून उठताना घाई नको. पाय हलवा, मग उभे राहा, मग पाऊल टाका.

• ढग दिसले तर वादीत उतरू नका. तिकडे पाऊस बहुतेक हिवाळ्यात पडतो, आणि दूर डोंगरात पडलेले पाणी अचानक खाली येते.

बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध गेली, छातीत दुखले किंवा सात-आठ तास लघवी झाली नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८, महाराष्ट्रात १०८.

लघवीच्या भीतीने पाणी टाळण्याची सवय आपल्या बायकांना लहानपणापासूनची. लग्नाला जाताना, एस.टी.त बसताना हेच. यापुढे निघण्यापूर्वी सोय कुठे आहे हे विचारा. त्यात लाज कसली? दोन दिवसांनी आम्ही पुन्हा शीसला गेलो. या वेळी गावातल्या बागेपाशीच सोय विचारून घेतली, बाटल्या रिकाम्या केल्या आणि वादी पुरती पाहून आलो.