मागाच्या खडखडाटात घरचं ऑफिस

भिवंडीत घरून काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न टेबल-खुर्चीचा नसतो, आवाजाचा असतो. शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग सुरू आणि इकडे माझा क्लायंट कॉल. बोलणं नीट पोचलं नाही, तर केलेलं कामही दिसत नाही.

आवाज फटीतून शिरतो. म्हणून आधी खिडकी-दाराला रबरी पट्टी लावा. भिंतीवर गोधडी टांगली तर खोली घुमत नाही, पण मागाचा आवाज ती अडवत नाही. त्याला जड, हवाबंद अडथळाच लागतो.

खरी गंमत माइकची. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आपला आवाज साधारण ६ डेसिबल जास्त मिळतो. लॅपटॉपचा माइक ६० सेंटिमीटरवर, इयरफोनचा १५ वर. म्हणजे जवळपास १२ डेसिबलचा फायदा! माग मात्र तितकाच लांब राहतो.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताय? पंख्याच्या सलग घरघरीवर ते भारी चालतात, धोट्याच्या खटखटीवर तेवढे नाही.

शेवटचं: राउटरला छोटा यूपीएस जोडा, अडॅप्टरवरचा व्होल्ट बघून. लाइट गेली की माग थांबतात. सगळ्यात शांत कॉल तेव्हाच होतो!