धाप का लागते? गोठवणारी सळई देते उत्तर

दोन जिने चढले की धाप लागते, कोरडा खोकला महिनोन्महिने थांबत नाही. घरचे म्हणतात, ‘दिल्लीची हवाच अशी, त्यात वय झाले!’ दम्याची औषधे सुरू होतात, पण आराम पडत नाही. अशा वेळी दोष फुप्फुसातील वायुकोशांच्या नाजूक पडद्यांत असू शकतो. ते सुजतात, कडक होतात आणि रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

या विकाराचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारात स्टेरॉइडने गुण येतो, तर ‘आयपीएफ’मध्ये तीच गोळी घातक ठरू शकते. म्हणूनच नेमके निदान हवे.

बहुतेकदा रुग्णाची माहिती, रक्ततपासणी आणि सीटी स्कॅन पुरेसे असते. तरीही शंका उरली, तर फुप्फुसाचा तुकडा तपासावा लागतो. चिमट्याने काढलेला तुकडा फार लहान आणि चेंगरलेला असतो. शस्त्रक्रियेने मोठा तुकडा मिळतो, पण छातीला छेद द्यावा लागतो.

यांतला मधला मार्ग म्हणजे क्रायोबायोप्सी. भूल देऊन तोंडावाटे दुर्बिणीची नळी फुप्फुसात नेतात. तिच्यातून जाणाऱ्या बारीक सळईचे टोक कार्बन डायऑक्साइड वायूने शून्याखाली कितीतरी अंश थंड होते. काही सेकंदांत ऊती टोकाला चिकटते आणि नळीसकट बाहेर काढली जाते. रक्तस्राव रोखायला छोटा फुगा तयार असतो.

ऑस्ट्रेलियात ६५ रुग्णांवर दोन्ही पद्धती वापरल्या गेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तज्ज्ञांचे निदान सुमारे ७७ टक्के रुग्णांत जुळले. दिल्लीत एम्समध्ये ही सोय आहे.

मात्र धोका इथेही आहे. सुमारे दहातील एकाला फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास होतो. फुप्फुसे फारच कमजोर असतील किंवा रक्त गोठत नसेल, तर डॉक्टर ही तपासणी टाळतात. म्हणून होकार देण्यापूर्वी विचारा: ‘या तपासणीने उपचार बदलणार आहेत का?’

आणि घराकडेही पाहा. २०१२ ते २०१५ या काळात देशातील १९ शहरांत १,०८४ रुग्णांची नोंद झाली. जवळजवळ निम्म्यांचा विकार श्वासावाटे जाणाऱ्या बुरशीसारख्या कणांच्या ॲलर्जीचा होता आणि त्यांतील निम्म्यांच्या आसपास रुग्णांचा एअर कूलरशी संबंध होता. कूलरमधले कुजके पाणी, बाल्कनीतली कबुतरांची विष्ठा यांची माहिती डॉक्टरांना जरूर द्या. कदाचित निदानाचा पहिला धागा तिथेच सापडेल!