सीसीटीव्हीत चोर दिसतो, चेहरा नाही! गडबड कॅमेऱ्यात की सेटिंगमध्ये?

सोसायटीच्या पार्किंगमधून दुचाकी चोरीला जाते. कमिटीचे पदाधिकारी डीव्हीआरसमोर बसतात. वेळ सापडते, माणूसही सापडतो; पण झूम केले की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन! मग ‘कॅमेरेच भंगार आहेत’ असा निकाल लागतो आणि जास्त मेगापिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्यांची कोटेशन मागवली जातात. तो खर्च करण्याआधी रेकॉर्डरचा मेन्यू उघडून पाहा. अनेकदा कॅमेरा ठीक असतो, रेकॉर्डिंगमध्येच काटकसर केलेली असते.

बिटरेट: खरी मेख इथे

मेगापिक्सेल म्हणजे चित्रात ठिपके किती. बिटरेट म्हणजे ते चित्र साठवण्यासाठी दर सेकंदाला डेटा किती खर्च करायचा. जे हलत नाही, त्याला डेटा कमी लागतो. त्यामुळे बिटरेट फार कमी असला तरी भिंत आणि उभ्या गाड्या छान दिसतात. माणूस चालू लागला की त्याचाच चेहरा विरघळतो. म्हणजे नेमके जे पाहायचे, तेच बिघडते.

आता थोडा हिशोब. २ एमबीपीएस बिटरेटला एक कॅमेरा तासाला ९०० एमबी, म्हणजे दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. चार कॅमेरे असतील तर १ टीबीची हार्ड डिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने रेकॉर्डिंग पुसले जाऊ लागते. तोच बिटरेट ५१२ केबीपीएसवर आणला की त्याच डिस्कमध्ये तब्बल ४५ दिवस बसतात. ‘महिन्याभराचे रेकॉर्डिंग मिळेल’ हे आश्वासन छोट्या डिस्कवर असे पूर्ण होते!

फुल एचडी कॅमेऱ्यासाठी एच.२६५ निवडून किमान २ एमबीपीएस ठेवा. रेकॉर्डर जुना असेल आणि फक्त एच.२६४ चालत असेल, तर ४ एमबीपीएसच्या आसपास. जागा वाचवायचीच असेल तर फ्रेम रेट २५ वरून १५ करा. घर, दुकान, जिना यांना तेवढा पुरतो. तरीही दिवस कमी पडत असतील तर डिस्क मोठी घ्या. ओळख न पटणाऱ्या ४५ दिवसांपेक्षा ओळख पटणारे १२ दिवस केव्हाही बरे.

रात्रीचे गणित वेगळे

अंधारात कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. ताशी ३० किमी वेगाने जाणारी दुचाकी १/२५ सेकंदात सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. नंबर प्लेटचा पांढरा पट्टा का होतो, हे यावरून कळेल. शटर १/२५० केले तर हे सरकणे ३ सेंटिमीटरवर येते, पण चित्र काळवंडते. त्यामुळे गेटवर चांगला एलईडी दिवा लावल्याशिवाय या सेटिंगला हात लावू नका. मेन्यूत ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ असे पर्याय असतील तर ५० निवडा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. चुकीच्या पर्यायामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. आणि हो, कॅमेऱ्यासमोरचे कोळ्याचे जाळे काढा. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात ते पांढरेशुभ्र चमकते.

सेटिंगलाही मर्यादा आहेतच. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणूस ओळखता येण्यासाठी दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. फुल एचडी चित्र १९२० पिक्सेल रुंद असते, म्हणजे ते जेमतेम साडेसात मीटरला पुरते. अख्खे पार्किंग एका कॅमेऱ्यात बसवले, तर कोणतेही सेटिंग चेहरा दाखवणार नाही. एक कॅमेरा फक्त गेटवर रोखा.

मोबाइलवर बघून निर्णय घेऊ नका

मोबाइल ॲपवर अनेकदा ‘सब स्ट्रीम’ दिसते, म्हणजे डेटा वाचवणारी हलकी प्रत. रेकॉर्डिंग ‘मेन स्ट्रीम’चे होते आहे ना, हे रेकॉर्डरमध्ये तपासा. सोपी चाचणी: रात्री नऊनंतर वॉचमनकाकांना नेहमीच्या चालीने गेटमधून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी तेच रेकॉर्डिंग मोठ्या मॉनिटरवर लावून पॉज करा. परका माणूस त्यांना ओळखू शकेल का, ते बघा.

त्याच वेळी रेकॉर्डरचे घड्याळही मोबाइलशी जुळवा. चोरी झालीच, तर क्लिप व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवून थांबू नका. तिथे ती आणखी दाबली जाते. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि डिस्कवरचे रेकॉर्डिंग पुसले जाण्याआधी पोलिसांना कळवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते.