घरच्या घरी गुळाची टॉफी



संक्रांत सरली की घरोघर डब्यात गुळाचा एखादा खडा, वाटीभर तीळ आणि मूठ-दोन मूठ फल्लीदाणे उरलेले असतात. तेवढ्यावर पोरांसाठी टॉफी होते. बाजारातून वेगळे काही आणावे लागत नाही. गूळ, तूप, चिमूटभर खायचा सोडा, मीठ आणि एक वाटी गार पाणी, झाले साहित्य. यातली गार पाण्याची वाटी सर्वांत महत्त्वाची. या पत्रकात जास्त करून तिच्याबद्दलच सांगायचे आहे.

आधी माझी स्वतःची फजिती सांगतो. बीबीला महिला बचत गटाच्या बैठकीत मी टॉफीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. वीस-पंचवीस बाया, कडेला पोरंसोरं. मी कॉलेजच्या वहीतले प्रमाण घेऊन गेलो होतो : साखर, पाणी, तूप. पाक छान रंगावर आला, ताटात ओतला, आणि पाहता पाहता सगळा फिका पडून त्याचा भुगा झाला. पोरांनी तोही खाल्ला, त्यांचे काय! बाया मात्र पदराआड हसू लागल्या. भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "साहेब, गंजाच्या काठाचे खडे तुम्ही पुसलेच नाही, अन् वरतून ढवळत बसले. मंग साखर बसणारच ना!"

आजींनी कारण अगदी बरोबर सांगितले होते. साखर पाण्यात विरघळली तरी तिला परत दाणेदार व्हायची ओढ असते. पाक आटून घट्ट होत असताना गंजाच्या काठाला चिकटलेला एक जरी कोरडा दाणा आत पडला, तर त्याला धरून दुसरा दाणा, दुसऱ्याला धरून तिसरा असे करत मिनिटाभरात सगळा पाक बसतो. घट्ट पाक ढवळला तर हे आणखी लवकर होते. म्हणून साखरेची टॉफी करायची असेल तर साखर पूर्ण विरघळेपर्यंतच ढवळावे, काठ ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत (फडके काडीला गुंडाळावे, बोटाने पुसू नये), आणि पावशेर साखरेला अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर फुटते, तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. हे दोन्ही मध्ये आले की साखरेच्या दाण्यांना एकमेकांना धरता येत नाही.

कारखान्यातही याहून निराळे काही नसते, लिंबाच्या जागी ग्लुकोजचा चिकट पाक घालतात इतकेच. आपल्या महाराष्ट्रात टॉफीचे जुने नाव म्हणजे रावळगाव. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली तिथे साखर कारखाना काढला, आणि १९४२ साली त्याच्या जोडीला गोळ्या-टॉफ्यांचे उत्पादन सुरू झाले. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' ही त्यांचीच नावे. २०२४ मध्ये ती नावे रिलायन्स समूहातल्या कंपनीने विकत घेतली. सांगायचा मुद्दा असा, की टॉफी म्हणजे मुळात साखरेचा पाक. तो ऊस पिकवणाऱ्या मुलखात नीट जमला नाही तर नवलच.

गुळाचे मात्र एक बरे असते. उसाचा रस कढताना त्यातली काही साखर आधीच फुटलेली असते. त्यामुळे गुळाचा पाक सहसा बसत नाही आणि ढवळला तरी रुसत नाही. नवशिक्या बाईने किंवा बाप्यानेही सुरुवात गुळापासून करावी, साखरेच्या नादी नंतर लागावे.

गूळ कोणता घ्यावा, हे बऱ्याच बहिणी विचारतात. फार पिवळाधमक, लखलखीत गूळ दिसला की आपण भुलतो. असा रंग आणण्यासाठी पुष्कळदा हायड्रॉस पावडर वापरलेली असते. टॉफीला तपकिरी, कडक, फोडताना टणक तुटणारा गूळ घ्यावा. मऊ, ओलसर, पाणी सुटलेल्या गुळाची टॉफी कडक होतच नाही. चवीला खारट लागणारा गूळही नको.

आता प्रमाण. चिरलेला गूळ पाव किलो, पाणी चार मोठे चमचे, साजूक तूप दोन मोठे चमचे, मीठ चिमूटभर, खायचा सोडा चहाच्या चमच्याचा आठवा भाग, आणि आवडीप्रमाणे सुंठ किंवा वेलची. यात साधारण चाळीस-पन्नास लहान तुकडे पडतात. पहिल्या वेळी याहून जास्त करू नये. बिघडले तर पाव किलोच बिघडेल.

पाक चढवण्याआधी ताटाला तूप लावून ठेवावे, सुरीलाही लावावे, सोडा मोजून हाताशी ठेवावा. पाक झाल्यावर या गोष्टी शोधत बसायला सवड मिळत नाही. गूळ आणि पाणी जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळला की खाली उतरवून गाळून घ्यावा. उसाचे चिपाड आणि बारीक खडे निघतात, ते दाताखाली येण्यापेक्षा गाळणीत आलेले बरे. गंज धुऊन गाळलेला पाक परत चढवावा, तूप आणि मीठ घालून मध्यम आचेवर ढवळत राहावे. गंज मोठाच घ्यावा, कारण पाक फसफसून दुप्पट वर येतो.

मोठे बुडबुडे येऊन ते दाट व्हायला लागले की गार पाण्याच्या वाटीकडे वळायचे. चमच्याने पाकाचा एक थेंब पाण्यात टाकावा, आणि दर वेळी गंज आचेवरून बाजूला घ्यावा. आपण थेंब पाहत असतो तेव्हा पाक थांबत नाही.

थेंब पाण्यात पसरला, तर पाक कच्चा. बोटात घेतल्यावर मऊ गोळी झाली आणि दाबल्यावर चपटली, तर पाक साधारण ११५ अंश सेल्सिअसला आलेला असतो. याला आपण गोळीबंद म्हणतो, आणि लाडवांच्या पाकाची सवय असलेल्या बाया इथे थांबतात. टॉफीसाठी इथे थांबून चालत नाही. आणखी थोडा कढला की गोळी आकार धरते, चपटत नाही. हे १२० अंशांच्या आसपास. त्यापुढे १३५ च्या सुमाराला थेंबाची काडी होते, ती वाकवली की आधी वाकते आणि मग तुटते. घरच्या टॉफीचा घात बहुतेक इथेच होतो. पाक दिसायला झालेला असतो, रंगही सुरेख असतो, आणि आपण घाईने उतरवतो. मग ती टॉफी दाताला अशी चिकटते की पोरगं तोंडात बोट घालून बसते. अजून थोडा वेळ कढू द्यावा. थेंब पाण्यात टाकल्यावर काचेसारखा कडक झाला, वाकवताच कट्कन तुटला, ताटावर टाकल्यावर टण् वाजला, की झाले. ही वेळ १४५ ते १५० अंशांची.

यापुढे मात्र मिनिटाचाही भरवसा नाही. गूळ करपतो, कडू होतो, आणि करपलेला पाक कशानेही सुधारत नाही. म्हणून शेवटच्या टप्प्यात आच अगदी कमी ठेवावी आणि थेंब लागोपाठ पाहावा. पाक मोजायचा थर्मामीटर असेल तर उत्तम. ताप पाहायचा थर्मामीटर कोणी गमतीनेही यात घालू नये, तो तत्काळ फुटेल.

थेंब वाजला की आच बंद करून सोडा घालावा आणि दोनदा भराभर फिरवावे. पाक फेसाळून फिकट होतो. सोड्यामुळे आत बारीक हवा भरते आणि टॉफी दगडासारखी न राहता खुसखुशीत होते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेव्हा हात आवरावा. लगेच सुंठ-वेलची घालून ताटात ओतावे. दोन-तीन मिनिटांनी, कोमट असतानाच सुरीने चौकोन आखून ठेवावेत. पूर्ण गार झाल्यावर आखायला गेलात तर वाटेल तशी फुटते.

आता जरा काळजीने वाचा. उकळत्या पाण्याचा चटका आणि पाकाचा चटका यात फार फरक आहे. पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते, आपला पाक १५० अंशांवर असतो, आणि तो कातडीला चिकटून बसतो, घरंगळून जात नाही. प्रात्यक्षिक करताना माझ्या मनगटावर एक थेंब उडाला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. त्याची खूण अजून आहे. तोच ओंजळभर पाक लहान लेकराच्या अंगावर सांडला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून पाक चढवला की पोरांना अंगणात पिटाळावे, गंजाचे कान आतल्या बाजूला ठेवावेत, ओतताना सांडशी घट्ट धरावी, पदर खोचून घ्यावा. खाली चुलीवर करीत असाल तर दुप्पट सावध राहावे, कारण लेकराचा हात तिथे सहज पोचतो.

इतके करूनही भाजलेच, तर भाजलेला भाग ताबडतोब साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, निदान वीस मिनिटे. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहावे. चिकटलेला पाक ओढून काढू नये, कातडी सोबत निघते. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यातले काहीही लावू नये. बर्फही नको. फोड मोठा असेल, किंवा चेहरा, हात वा सांध्यावर भाजले असेल, तर स्वच्छ ओले फडके टाकून दवाखाना गाठावा.

दुधाची मऊ टॉफी हवी असल्यास अर्धा लिटर म्हशीचे दूध, दीडशे ग्रॅम साखर आणि चिमूटभर सोडा घालून आटवावे. दूध दाट रबडीसारखे झाले की पन्नास ग्रॅम गूळ आणि चमचाभर तूप घालून, बूड न लागू देता ढवळत राहावे. गूळ थोडा आंबट असल्यामुळे दूध फाटण्याची भीती असते, ती सोड्याने बरीच कमी होते. इथे पाक कडक करायचा नाही. गार पाण्यात गोळीने आकार धरला, की उतरवावा. याला वेळ लागतो आणि हात दुखतो, हे आधीच सांगून ठेवतो. ही टॉफी चार-पाच दिवसांत संपवावी.

गुळाच्या टॉफीत भाजलेले तीळ, जवस किंवा फल्लीदाणे घालता येतात. ते गरम असतानाच पाकात टाकावेत, गार टाकले तर पाक जागीच आखडतो. दाणे मात्र निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे "भाजले म्हणजे चालतात" अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, ते यकृताला बाधते आणि भाजल्याने पुरते जात नाही. असे दाणे कोंबड्यांनाही घालू नयेत.

चार वर्षांखालच्या लेकराला कडक टॉफी किंवा अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. आणि गुळाची आहे म्हणून मधुमेह असलेल्या आजोबांनी खायला हरकत नाही, असेही कोणी म्हणू नये. रक्तात गेल्यावर गूळ ही साखरच. पोरांनी खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी.

बचत गटाच्या बहिणींना विकण्यासाठी करायची असेल, तर आधी अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्यावी आणि पुडीवर साहित्य, वजन, तयार केल्याची तारीख लिहावी. खर्च काढताना गूळ-तुपाबरोबर सरपण किंवा गॅस आणि आपली मजुरीही धरावी. आपल्या बाया मजुरी धरत नाहीत, आणि मग "धंद्यात काही उरत नाही" म्हणतात. पहिले दोन-तीन घाणे घरीच खपवावेत.

गूळ हवेतले पाणी ओढतो. तुकडे गार झाल्याबरोबर एकेक बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. थंडीत आणि उन्हाळ्यात तीन-चार आठवडे चांगले राहतात. पावसाळ्यात उघडे राहिले तर एका रात्रीत चिकट होतात. तेव्हा आषाढ-श्रावणात करायचीच असेल तर पाऊस उघडलेला दिवस पाहून करावी, आणि आठवडाभर पुरेल एवढीच. गंजाला चिकटलेला पाक खरवडत बसू नये. त्यात पाणी घालून उकळी आणावी, आपोआप सुटतो, आणि त्या गोड पाण्याचा चहा होतो.