नासक्या दुधाचा राजेशाही पंच

दूध मुद्दाम नासवायचं, फडक्यातून गाळायचं, चोथा टाकून द्यायचा आणि खाली उतरलेलं पाणी बाटल्यांत भरून ठेवायचं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात मान मिळवलेल्या ‘मिल्क पंच’ची ही थोडक्यात कृती. नाव ऐकून काहीतरी पांढरं, दाट डोळ्यांसमोर येतं. पेल्यात मात्र फिकट सोनेरी, आरपार दिसणारं पेय असतं. (अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला ब्रँडी, दूध, साखर आणि जायफळ यांचा पंच पितात, तो पांढराच असतो, आणि त्याला एवढा खटाटोपही लागत नाही.)

जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या 1862 सालच्या पुस्तकात या इंग्लिश पंचाची कृती आहे. लिंबाचा रस आणि साल, साखर, ठेचलेला अननस, 6 लवंगा, 20 धणे, दालचिनी, ब्रँडी, रम, थोडी अरॅक नावाची दारू, कपभर कडक ग्रीन टी आणि वरून उकळतं पाणी. हे सगळं निदान सहा तास झाकून मुरवायचं. मग त्यात गरम दूध आणि आणखी लिंबूरस. दूध फाटतं आणि खरं काम तिथून सुरू होतं.

लिंबाच्या आंबटपणाने दुधातलं केसिन गोळा होतं. चहातला आणि दारूतला तुरटपणा, गढूळपणा आणि बराचसा रंग ते आपल्याबरोबर ओढून घेतं. पहिली धार गढूळच येते. तिथे धीर सोडणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चोथ्याचा थर फडक्यात बसला की तोच गाळणीचं काम करतो. गढूळ पाणी पुन्हा त्याच थरावर हलक्या हाताने ओतायचं, नितळ होईपर्यंत. चक्का टांगताना आपण फडक्यातलं ठेवतो आणि पाणी सोडून देतो. इथे हिशेब नेमका उलटा. केसिन गेलं तरी दुधातली काही प्रथिनं पाण्यात उरतात आणि घोटाला रेशमी गुळगुळीतपणा देतात. मला या पेयाची खरी करामत चवीपेक्षा या स्पर्शात वाटते.

युक्ती थॉमसची नव्हे. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये जेम्स बोडोइनला पाठवलेल्या कृतीत 44 लिंबांची साल आहे. ती पातळ सोलणाऱ्याचं नाव मात्र इतिहासात नाही. 1838 मध्ये लंडनच्या नॅथॅनियल व्हिसन कंपनीला व्हिक्टोरिया राणीला मिल्क पंच पुरवण्याचा मान मिळाला. दुधाचं पेय दुकानातून बाटलीबंद विकता आलं, कारण लवकर बिघडणारा दुधाचा भाग चोथ्याबरोबर निघून जातो आणि उरलेल्याला आम्ल, साखर आणि दारू राखतात. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये बॉब सॉयर घोडागाडीच्या प्रवासात याचीच बाटली बरोबर बाळगतो.

पंचाचं मूळही आपल्याकडचंच. सतराव्या शतकात इंग्रज व्यापारी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर स्थानिक अरॅकमध्ये लिंबू, साखर आणि मसाला घालून ते पीत. अठराव्या शतकात गोव्याची, माडाच्या ताडीपासून काढलेली अरॅक लंडनमध्ये नावाजलेली होती. थॉमसच्या कृतीतली अरॅक त्याच परंपरेतली. त्यात दूध पुढे इंग्लंडात आलं.

आता गाळलेल्या दुधाचे पंच मुंबई-गोव्याच्या बारमध्येही मिळतात. दुधाची ॲलर्जी असलेल्याने मात्र मागवण्याआधी विचारून घ्यावं: पेला कितीही नितळ दिसला, तरी दुधातली प्रथिनं त्यात असतात.