प्रवरेच्या जमाखर्चावर बेतलेला मुक्काम

दहा-पंधरा मंडळींनी मिळून चार दिवस बाहेरगावी जावयाचे ठरले, म्हणजे प्रथम सुट्यांचे कोष्टक पुढे ओढले जाते, मग वाहनाची तजवीज होते, वर्गणीवरून थोडी कुरबुर होते, आणि जेथे जावयाचे ते ठिकाण त्या ऋतूत कसे असेल याचा विचार झालाच तर अगदी शेवटी होतो. भंडारदऱ्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अकोले तालुक्यातील शेंडी गावालगत पसरलेला तो विस्तीर्ण जलाशय शोभेसाठी निर्माण झालेला नाही. प्रवरेच्या पाण्याचे ते सरकारी कोठार असून पावसाळ्यात त्यात जमा पडते आणि पुढील आठ महिने खर्च पडतो, आणि पाहुण्याच्या दृष्टीस येणारे सौंदर्य बव्हंशी या जमाखर्चाच्या कोणत्या पानावर आपण पोहोचलो यावरच अवलंबून असते.

हे कोठार येथेच का बांधले गेले, याचे उत्तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याच्या नकाशात आहे. सह्याद्रीच्या ऐन कड्यावरील घाटघर आणि रतनवाडी या परिसरात पाऊस असा कोसळतो की घाटघरला लोक जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात; आणि त्याच जिल्ह्याचा पूर्वभाग पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणाने गांजलेला. पश्चिमेचे उत्पन्न पूर्वेकडे वळते करावे या हेतूने मुंबई सरकारने १९१० साली धरणाचे काम हाती घेतले आणि दगड-चुन्याची, पायापासून सुमारे २७० फूट उंचीची ती भिंत १९२६ साली पुरी झाली. त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास मिळाले. पुढे १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती सुरू झाली, तेव्हा मागील अंगास आधारभिंती बांधून ती सावरावी लागली. पायथ्याशी उभे राहून वर पाहणाऱ्याने ते टेकू अवश्य न्याहाळावेत. जलाशयात अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. हे पाणी कालव्यांवाटे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडील उसाला जाते, आणि काठावरचा महादेव कोळी व ठाकर शेतकरी मात्र दीर्घकाळ आकाशाच्याच भरवशावर भात-नागली पिकवीत आला, ही गोष्ट पाण्याची छायाचित्रे काढताना ध्यानात असलेली बरी.

आता मुक्कामाच्या तारखांकडे वळू. धरण पंधरा ऑगस्टच्या सुमारास भरावे, असा या भागाचा जुना परिपाठ, आणि नेमकी त्याच दिवशी सुट्टी. परिणामी घोटीपासून शेंडीपर्यंतच्या अरुंद रस्त्यावर वाहनांची जी दाटी होते तिच्यात सापडलेल्या मंडळींना जलाशयापेक्षा पुढच्या गाडीची मागील बाजूच अधिक काळ पाहावी लागते. जुलै-ऑगस्टात दाट धुके असते, समोरचा डोंगर तासन्‌तास दिसत नाही, आणि ज्यांना नुसते भिजावयाचे आहे त्यांनीच तो काळ निवडावा. माझी निवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध अशी आहे. जलाशय काठोकाठ असतो, डोंगरउतार सोनकीने पिवळे होतात, खाचरांतील भात निसवत असतो, आणि नवरात्रात कळसूबाईच्या शिखरावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीच्या महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर, देवीची यात्रा भरते. पायथ्याच्या बारी गावातून भल्या पहाटे निघालेल्यांनी लोखंडी शिड्यांवरून चढून दुपारपर्यंत परत यावे. ज्येष्ठांना आणि मुलांना तोवर नौकाविहार पुरेसा आहे, मात्र अंगात जीवरक्षक जाकीट असल्यावाचून नावेत पाऊल ठेवू नये.

धरणाच्या पायथ्याचा छत्रीच्या आकाराचा धबधबा पाहण्याची सर्वांनाच हौस असते. तो निसर्गाच्या लहरीने वाहत नाही. धरणातून पाणी सोडले जाते तेव्हाच ते गोल खडकावरून पसरून छत्री उघडते. शेतीचे आवर्तन सुरू आहे की नाही, एवढी चौकशी मुक्कामाच्या जागी आधी केली, तर हिरमोड टळेल. पावसाळ्यातील रंधा धबधब्याची तऱ्हा निराळी. तेथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली झेपावते आणि कठड्यापलीकडे जाण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

मेच्या अखेरीस वहीत शिल्लक थोडी उरते, जलाशय आक्रसतो, काठाची तांबूस माती उघडी पडते, आणि नेमके तेव्हाच हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा वृक्षांवर काजव्यांचे लक्षावधी दिवे लागतात. नर काजवा प्रकाशाच्या उघडझापीने मादीला साद घालतो, आणि गाडीचे दिवे व विजेऱ्या त्या संवादात व्यत्यय आणतात. वनखात्याने रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध घातले त्याचे कारण हेच. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, हे ध्वनिक्षेपक घेऊन येणाऱ्या मंडळांना कोणीतरी एकदा ठणकावून सांगावयास हवे.

जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यासाठी एक पूर्ण दिवस राखावा. दक्षिण काठाने मुतखेलवरून रतनवाडीस गेले म्हणजे अमृतेश्वराचे शिल्पसमृद्ध प्राचीन मंदिर लागते. समुद्रमंथनातील अमृताशी लोककथेने त्याचा संबंध जोडला आहे, आणि माथ्यावरील रतनगडावर उगम पावणारी प्रवरा अमृतवाहिनी म्हणविते ती त्यामुळेच. गडावरील नेढ्यात बसून सारा जलाशय पाहता येतो, पण ती चढण तरण्या पायांसाठी आहे. पुढे साम्रदची सांदण घळ. पावसाळ्यात तीतून पाणी धावते, तेव्हा तिकडे फिरकू नये. ज्या डोंगरांनी राघोजी भांगऱ्यांच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडास आश्रय दिला ते हेच. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आली, आणि त्यांचे देवगाव याच तालुक्यात आहे.

निवासाची सोय पर्यटन महामंडळाच्या काठावरील विश्रामस्थानात, गावकऱ्यांच्या घरी किंवा स्थानिक तरुणांच्या तंबूंत होते. मोठ्या समूहाने जेवणाची वर्दी आदल्या दिवशीच द्यावी, आणि पनीर मागण्याऐवजी नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि काळभात किंवा जिरवेल तांदळाचा भात मागावा. या जुन्या वाणांचे बियाणे जपणाऱ्या, पद्मश्रीप्राप्त राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या. हिशेबाची वही एकाच्याच हाती असावी. रोकड आणि औषधे बरोबर ठेवावीत, कारण काठावरच्या वाड्यांत भ्रमणध्वनीचा काही भरवसा नसतो.

नाशिककर, शेंडीपासून सत्तर किलोमीटरवरचे, आणि मुंबईकर, सुमारे १८५ किलोमीटरवरचे, आल्या वाटेने घोटीवरून परततील. पुणेकरांनी राजूरला थांबून तेथील प्रसिद्ध पेढे घ्यावेत, अकोल्यास अगस्ती ऋषींच्या आश्रमाचे दर्शन करावे, आणि सवड असल्यास संगमनेरपासून वाकडी वाट करून लोणीपर्यंत नदीच्या बाजूने जावे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना तेथे आहे, आणि रस्त्याच्या दोहो अंगांना दिसणाऱ्या उसाच्या फडांत भंडारदऱ्याचे पाणी खर्ची पडलेले असते.