मुरूम टाकला म्हणजे खड्डा बुजला?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा आहे. मी कॉलेजला होते तेव्हाही होता, आता पेपरात इंटर्न म्हणून येते तरी आहेच. मधल्या काळात तो तीनदा बुजला. म्हणजे ट्रॅक्टर आला, चार घमेली मुरूम पडला, फावड्याने सपाट झाला, ट्रॅक्टर गेला. पुढच्या पावसात त्याचा चिखल झाला आणि त्या चिखलावरून माझी स्कूटी घसरली. गुडघा सोलला, मोबाईलची स्क्रीन गेली. घरी बोलणी बसली ती मलाच, "बघून चालवता येत नाही का?"

पाण्याने भरलेल्या खड्ड्यात बघायचं तरी काय, तुम्हीच सांगा.

माझं गुडघ्यावर निभावलं. मुंबईत जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर १६ वर्षांचा प्रकाश बिल्होरे भावाच्या बाईकवर मागे बसून निघाला होता. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. प्रकाश गेला. त्याचे वडील दादाराव बिल्होरे भाजी विकायचे. त्यांनी बांधकामांवरची उरलेली खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करून स्वतःच खड्डे भरायला सुरुवात केली. काही वर्षांत पाचशेहून जास्त खड्डे भरले. लोक त्यांना 'पॉटहोल दादा' म्हणू लागले. त्यांचं कौतुक आपण सगळेच करतो. पण एका बापाला हे काम करावं लागलं, याची लाज वाटायला हवी, असं मला वाटतं.

मग खड्डा नीट कसा बुजवतात? आधी त्यातलं पाणी आणि सुटी खडी काढायची. मग भोवतालचा कमकुवत भाग कापून खड्डा चौकोनी करायचा, कडा सरळ उभ्या ठेवायच्या. तिरक्या कडेचा पातळ थर चाकाखाली लगेच तुटतो. तळ कोरडा झाला की तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, नाहीतर नवं जुन्याला धरत नाही. मग गरम डांबरमिश्रित खडी थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा. भर पावसात गरम माल चालत नाही, त्यासाठी थंड वापरायचं 'कोल्ड मिक्स' मिळतं. नुसता मुरूम मात्र पाणी अडवत नाही, आणि डांबरी रस्त्याचा खरा शत्रू पाणीच. भेगेतून ते आत शिरतं, खालचा थर मऊ करतं आणि वरून ट्रक गेला की तुकडा निखळतो.

आपल्या धाराशिवकडे त्यात काळ्या मातीची भर. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात ना, आणि पावसात तीच माती फुगते? रस्त्याखालीही तेच चालतं. तिथे आधी काळी माती काढून जाड भराव घालावा लागतो आणि कडेने पाणी वाहून जायला गटार लागतं. गटार नसेल तर वरून कितीही चकचकीत डांबर ओता, दोन पावसाळ्यांत पुन्हा चाळण.

आता तुमच्या कामाची गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. खड्डा लक्षात आणून दिल्यावर ४८ तासांत दुरुस्ती हवी, असंही बजावलं. म्हणून तक्रार तोंडी करू नका. खड्ड्याशेजारी चप्पल किंवा बाटली ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. रस्ता नवा असेल तर कडेचा फलक वाचा. त्यावर ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी दिलेला असेल आणि तो संपलेला नसेल, तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हायला हवी.

मीही अर्ज दिलाय, पोच मोबाईलच्या कव्हरमध्ये आहे. परवा ट्रॅक्टर पुन्हा आला, पुन्हा मुरूम घेऊन. मी खाली उतरून विचारलं, "काका, कडा नाही का कापायच्या?"

ते घाम पुसत म्हणाले, "ताई, कशानं कापू? मला फावडंच दिलंय."